पुढची चाके, मागची चाके आणि खडूची खूण

मृग लागला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांची संख्या एकदम वाढते. पऱ्हे टाकून होतात, पाऊस स्थिरावतो, आणि मग बांध्याबांध्यांतून चिखलणी सुरू होते. चिखलणी झाली की रोवणी. पूर्वी हे काम बैलांच्या आणि रेड्यांच्या जोड्या करीत. आता ते बहुतेक ट्रॅक्टर करतो, आणि त्यातही चारही चाकांना जोर मिळणारा ट्रॅक्टर असेल तर मालकाला शेजारच्या गावांतूनही बोलावणी येतात.

असाच एक ट्रॅक्टर बाळगणारे माझ्या दहावीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील एकदा शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगा सांगते का तुम्ही दात्यांचं गणित शिकवता. मंग माझ्या टॅक्टरचं गणित सांगा."

त्यांची तक्रार अशी होती. ट्रॅक्टरचे पुढचे टायर दोन हंगामांतच पार झिजले. मागच्यांना मात्र फारसे काही झाले नाही. झिजल्यावर पुढची चाके चिखलात ओढत नाहीत असे त्यांना वाटू लागले. म्हणून नवे टायर घेताना त्यांनी एक माप मोठे घेतले. दुकानदारही म्हणाला, मोठे चाक म्हणजे जास्त जोर. पण मोठे टायर बसवल्यापासून ट्रॅक्टर बिघडलाच. सुकाणू जड झाले, डांबरी रस्त्यावर चारचाकी जोराचा दांडा अडकून बसू लागला, आणि शेवटी पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. ऐन रोवणीत चार दिवस ट्रॅक्टर उभा. भाडे बुडाले ते बुडाले, शब्द दिलेल्या शेतकऱ्यांची रोवणीही लांबली.

"आता चूक कोनाची? टायरची का टॅक्टरची?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी ट्रॅक्टर बाजूला ठेवून जीपकडे जावे लागते, कारण जीपची चारही चाके सारखी असतात आणि गणित सोपे होते. अमेरिकन लष्कराच्या कागदपत्रांत जीपचे अधिकृत नाव 'पाव टनी ट्रक' असे होते. तेव्हा जीपबद्दल जे म्हणू ते मोठ्या चारचाकी जोराच्या ट्रकांनाही लागू आहे.

जीपमध्ये इंजिनाची फिरकी गिअरपेटीतून ट्रान्स्फर केसमध्ये येते. तिथून दोन लांब दांडे निघतात. त्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. एक पुढच्या ॲक्सलकडे जातो, दुसरा मागच्या. प्रत्येक ॲक्सलच्या मध्यावरच्या फुगीर भागात एक लहान दंतचक्र म्हणजे पिनियन, आणि त्यात अडकलेले एक मोठे दंतचक्र म्हणजे क्राउन असते. पिनियनला ८ दाते आणि क्राउनला ४३ असतील तर क्राउन एकदा फिरायला पिनियनला ४३ ÷ ८ = ५.३७५ वेळा फिरावे लागते. हेच त्या ॲक्सलचे गुणोत्तर. मेकॅनिक त्याला 'पाच अडतीस' म्हणतो. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये ही जोडी ८ आणि ३९ होती, म्हणजे ४.८७५, युद्धानंतर १९४५ मध्ये नागरी वापरासाठी आलेल्या जीपमध्ये ८ आणि ४३. दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान: पुढच्या ॲक्सलचे आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर एकच.

एकच का असावे? दांडा ओढून चारचाकी जोर जोडला की ट्रान्स्फर केस दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडून टाकते. दोघांच्या फेऱ्या अगदी सारख्या, अर्ध्या दात्याचाही फरक नाही. हे झाले लोखंडाचे बंधन. दुसरे बंधन जमिनीचे. गाडी सरळ जात असेल तर पुढच्या चाकांना आणि मागच्या चाकांना तेवढेच अंतर जावे लागते. पुढचा भाग एक किलोमीटर गेला आणि मागचा ९९० मीटर, असे होत नाही. दोन्ही बंधने एकाच वेळी पाळायची तर शाफ्टच्या एका फेरीत पुढचे चाक जितके अंतर कापते तितकेच मागच्याने कापले पाहिजे. फळ्यावर असे लिहावे:

पुढच्या चाकाचा परिघ ÷ पुढचे गुणोत्तर = मागच्या चाकाचा परिघ ÷ मागचे गुणोत्तर

चाके सारखी असतील तर गुणोत्तरे सारखी हवीत. चाके सारखी नसतील तर गुणोत्तरेही त्याच प्रमाणात वेगळी हवीत. गुणोत्तरे जुळवणे म्हणजे आकडे सारखे करणे नव्हे, जमिनीवरचे अंतर सारखे करणे, हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला की पुढचे सगळे सोपे आहे.

शाळेच्या क्रीडामहोत्सवातली तीन पायांची शर्यत इथे उपयोगी पडते. दोन मुलांचा एकेक पाय बांधलेला असतो, म्हणून पावलांची संख्या सारखीच राहते. पण एकाचे पाऊल ६० सेंटिमीटरचे आणि दुसऱ्याचे ५४ चे असेल तर? दहा पावलांत ६० सेंटिमीटरची तफावत. एकाला फरफटत जावे लागते किंवा दुसऱ्याला पाऊल आखडावे लागते. नाहीतर दोरी तुटते.

आता थोडे गणित करू. समजा कोणी जुन्या लष्करी जीपला मागचा ॲक्सल मूळचा, म्हणजे ४.८७५ चा ठेवला आणि पुढचा मात्र नागरी जीपमधला ५.३७५ चा बसवला. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. गोंदियाहून रेल्वेने जबलपूरला जाता येते. तो मार्ग एकेकाळी अरुंद मापाचा होता, आता रुंद झाला आहे. जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यातून शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या दशकानुदशके बाहेर पडल्या. ('जोंगा' हे नावच जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरिज यांच्या इंग्रजी अक्षरांवरून बनलेले आहे.) लष्कराने निकालात काढलेली वाहने लिलावात विकली जातात, आणि घेणारा ती मिळेल त्या सुट्या भागांनी चालती करतो. बाहेरून दोन ॲक्सल सारखेच दिसतात. आत दाते किती हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

जीपचे चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जाते असे धरू. एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेऱ्या होतील. एवढ्या फेऱ्यांसाठी पुढच्या शाफ्टला ४५५ × ५.३७५ म्हणजे जवळजवळ २४४५ वेळा फिरायचे आहे, आणि मागच्याला ४५५ × ४.८७५ म्हणजे सुमारे २२१८ वेळा. फरक २२७ फेऱ्यांचा. पण दोन्ही शाफ्ट तर एकमेकांना जखडलेले! एका किलोमीटरमध्ये २२७ फेऱ्यांचा पीळ भरला जाणार आणि तो कुठेतरी सुटायलाच हवा. पोलादी शाफ्ट एक पूर्ण फेरीसुद्धा पिळला जाऊ शकत नाही. तेव्हा एकतर टायर रस्त्यावर घासून सरकतील, नाहीतर सगळ्यात दुबळा भाग तुटेल. सुकाणू जड होते, दांडा निघत नाही, कारण दाते एकमेकांवर दाबून बसलेले असतात. अनुभवी ड्रायव्हर अशा वेळी गाडी थोडी मागे घेतो. पीळ उलटा सुटतो आणि दांडा अलगद बाहेर येतो. हे कोणी शिकवलेले नसते, पण त्यामागचे कारण हेच.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल: मग सगळ्या कारखान्यांनी पुढची आणि मागची दंतचक्रे अगदी सारखी का करू नयेत? प्रश्न योग्य आहे. जीपमध्ये तसे केले आहे. पण मोठ्या ट्रकमध्ये माल मागच्या ॲक्सलवर असतो, म्हणून मागचे क्राउन मोठ्या व्यासाचे आणि जाड दात्यांचे करावे लागते. त्यात दात्यांची संख्या बदलते. अमेरिकन ट्रकांत ४.१० आणि ४.०९ अशी जोडी पूर्वीपासून आढळते. एकीकडे ४१ आणि १० दाते, दुसरीकडे ४५ आणि ११. ४५ ÷ ११ = ४.०९०९… कितीही दशांश स्थळे लिहिली तरी ४.१ होणार नाही. दाते पूर्णांकांतच मोजावे लागतात, साडेदहा दात्यांचे पिनियन करता येत नाही.

जाता जाता गणिताच्या शिक्षकांसाठी एक निरीक्षण. ८ आणि ३९, ८ आणि ४३, १० आणि ४१, ११ आणि ४५ या सर्व जोड्यांचा मसावि १ आहे. हा योगायोग नाही. पिनियनला ८ आणि क्राउनला ४० दाते असते तर पिनियनचा एक विशिष्ट दाता कायम क्राउनच्या त्याच पाच दात्यांना भेटत राहिला असता. एखाद्या दात्यात खोट असेल तर तीच जागा खात गेला असता. सहमूळ संख्या घेतल्या की प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. मसावि-लसावि कुठे उपयोगी पडतो असे मुले विचारतात, त्यांना हे उदाहरण द्यावे.

४.१० आणि ४.०९०९ मधील फरक ०.२२ टक्के. पूर्वीच्याच चाकाने मोजले तर किलोमीटरला शाफ्टच्या चार फेऱ्या, किंवा रस्त्यावर २.२ मीटर घसरण. चार फेऱ्यांचा पीळही लोखंड सहन करणार नाही, पण टायरचे रबर तो सहज पचवते, कारण एवढा फरक तर एका टायरमध्ये हवा थोडी कमी असली तरी पडतो. म्हणून कारखानदार ही जोडी खुशाल वापरतात. दहा टक्क्यांचा फरक मात्र रबराला पचत नाही.

गुणोत्तरे अगदी तंतोतंत जुळली म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. जीपच्या दोन ॲक्सलांमधले अंतर २.०३ मीटर आहे. मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने पुढच्याची त्रिज्या √(२५ + ४.१२) म्हणजे सुमारे ५.४ मीटर येते. आठ टक्के जास्त! म्हणजे गुणोत्तरे जुळलेली जीपसुद्धा तीव्र वळणावर चुकीचे ॲक्सल बसवलेल्या जीपसारखीच वागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारचाकी जोर लावू नये असे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, ते याचसाठी.

नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात जिप्सीतून फिरताना हे पाहता येते. ही गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते, हवी तेव्हा पुढची जोडता येतात. मातीच्या वाटेवर पुढची चाके जोडून कितीही वळणे घेतली तरी काही तक्रार येत नाही, कारण चाकाखालची माती आणि खडी सरकते आणि पीळ तिथल्या तिथे सुटतो. तीच गाडी तशीच डांबरी रस्त्यावर आणून वळवली तर सुकाणू अडते आणि टायर कुरकुरतात. गाडी तीच, दाते तेच. फक्त जमिनीने सवलत देणे बंद केले.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न बरेच झाले. १९४८ साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या वाटेवर सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना होती. वळणावर पुढच्या चाकांना वेगाने पुढे धावायची मुभा असे. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये दोन शाफ्टांच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल बसवले, त्यामुळे दोन्ही शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. पण अशा गाडीतही चुकीच्या गुणोत्तराचा ॲक्सल बसवला तर ते मधले डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा सतत फिरत राहते, तापते आणि झिजते. ते वळणापुरते काम करण्यासाठी बनवलेले असते.

पिळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही आणि क्रॉस का तुटला याचे उत्तर तिच्यातच आहे. समजा पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापू पाहत आहेत आणि रस्ता टणक आहे. पुढची चाके गाडीला ओढतात. मागची चाके मात्र आपल्या दात्यांच्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने पुढे ढकलली जातात, म्हणजे ती ब्रेकसारखी मागे धरून ठेवतात. आता मागच्या चाकांना जमीनच फिरवते आहे. ती शक्ती उलट्या वाटेने, चाकातून ॲक्सलमध्ये, तिथून गिअरपेटीकडे येते आणि पुन्हा पुढच्या शाफ्टमधून पुढच्या चाकांकडे जाते. इंजिन २० अश्वशक्ती देत असेल आणि मागून ५ परत येत असतील, तर पुढच्या शाफ्टवर २५ चा भार पडतो. इंजिन जेवढे देते त्याहून जास्त! ही जास्तीची शक्ती काही काम करीत नाही. ती गोल गोल फिरत राहते आणि वाटेत दाते, क्रॉस आणि टायर खाते. ऊर्जा निर्माण झाली का, असे मुले विचारतील. नाही झाली. दोन मुलांनी एकमेकांना दोरीने ओढावे आणि दोघेही जागचे हलू नयेत, तसा हा ताण आहे. फरक एवढाच की इथे टायर घासत असल्याने इंजिनाला थोडे जास्तीचे डिझेल मात्र जाळावे लागते.

ॲक्सल न उघडता गुणोत्तर मोजायचे असेल तर एक युक्ती आहे. गाडी सपाट जागी ठेवून इतर चाकांना दगड लावावेत. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एका ॲक्सलचे एकच चाक जॅकने उचलावे. (जुन्या जीपमध्ये हँडब्रेक शाफ्टवरच असतो, तो सोडावा लागतो, म्हणून दगड नीट लावलेले असावेत. गाडीखाली कोणीही जाऊ नये.) उचललेले चाक हाताने अगदी दोन फेऱ्या फिरवावे आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते बाजूने मोजावे. पाच पूर्ण आणि थोडे अधिक, म्हणजे एक तृतीयांशाच्या किंचित वर, तर ५.३७५, पाचला जेमतेम कमी, तर ४.८७५. दोन फेऱ्या का? डिफरन्शियलमुळे क्राउनची गती ही दोन चाकांच्या गतींची सरासरी असते. एक चाक जमिनीवर स्थिर, दुसरे दोन फेऱ्या, सरासरी एक. मेकॅनिकला ही रीत माहीत असते, कारण बहुधा माहीत नसते. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे कारण स्वतः शोधायला सांगावे.

आता पुन्हा ट्रॅक्टरकडे येऊ. ट्रॅक्टरची पुढची चाके लहान, मागची मोठी. तेव्हा मागचे चाक एकदा फिरताना पुढचे किती वेळा फिरावे हे आतल्या दात्यांनी ठरवून दिलेले असते. आमच्या पाहुण्यांच्या ट्रॅक्टरचे मूळ टायर घेतले तर मागचे चाक एका फेरीत ४ मीटर जात होते आणि पुढचे २.९ मीटर. अंतर तंतोतंत जुळायला पुढच्याने ४ ÷ २.९ म्हणजे १.३८ फेऱ्या कराव्यात. पण दाते त्याला १.४२ वेळा फिरवतात. म्हणजे पुढचे चाक १.४२ × २.९ = ४.१२ मीटर जाऊ पाहते. मागच्यापेक्षा तीन टक्के जास्त.

ही चूक नव्हे, मुद्दाम ठेवलेली आघाडी आहे. ट्रॅक्टरांत ती साधारण एक ते पाच टक्के असते. शेतात मागची चाके नेहमीच थोडी घसरतात. पुढची किंचित पुढे धावत असली की ती ओढण्यात आपला वाटा उचलतात आणि ट्रॅक्टरला सरळ दिशा देतात. आघाडी शून्याखाली गेली तर पुढची चाके ओढायचे सोडून लोढण्यासारखी वागतात. चिखलात तीन टक्क्यांचा काही उपद्रव नाही, चिखल सगळे पचवतो. पण डांबरी रस्त्यावर तीन टक्के म्हणजे किलोमीटरला ३० मीटर पुढचे टायर रस्त्यावर खरवडत न्यायचे.

हे सांगितल्यावर मी विचारले, "घरून शेतावर जाताना दांडा काढता का?"

ते थोडे थांबून म्हणाले, "कोन काढते गुरुजी? सकाळी टाकला का संध्याकाळपर्यंत तसाच."

शेजारच्या गावांत भाड्याने जायचे म्हणजे दिवसाला आठ-दहा किलोमीटर डांबर सहज होते. आठ किलोमीटर धरले तरी रोज २४० मीटर खरवड. पुढचे टायर दोन हंगामांत का गेले, याचे उत्तर मिळाले. आणि झिजल्यावर ओढत का नाहीत? २.९ मीटर परिघाच्या चाकाची त्रिज्या ४६ सेंटिमीटर. त्यातले दीड सेंटिमीटर रबर झिजले की परिघ २.८ मीटरवर येतो आणि १.४२ × २.८ = ३.९८. आघाडी संपली! पुढची चाके आता मागच्यांपेक्षा किंचित कमी अंतर कापतात. त्यांचा 'ओढत नाही' हा अंदाज बरोबर होता. उपाय चुकला. मूळ मापाचे नवे टायर घेतले असते तर आघाडी आपोआप परत आली असती.

हे सारे कागदावर. मुलांना मात्र प्रत्यक्ष मोजायचे होते, आणि यासाठी खडूशिवाय कशाचीही गरज लागत नाही. शनिवारी दुपारी ट्रॅक्टर शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर आला. पुढच्या आणि मागच्या एकेका टायरच्या कडेवर खडूने ठळक रेघ ओढली. चालक फक्त वडील. मुले दोन्ही बाजूंना पाच पावले अंतर ठेवून चालत होती. आधी दांडा काढून ट्रॅक्टर सरळ रेषेत सर्वात हळू गिअरमध्ये चालवला. मागच्या चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या झाल्या तेव्हा पुढच्याच्या १३ झाल्या. मग तीच गोष्ट मऊ मातीत दांडा जोडून केली. या वेळी १४ पूर्ण आणि पाचवा हिस्सा, म्हणजे १४.२.

दांडा काढलेला असताना पुढचे चाक जमीन फिरवते, जोडल्यावर दाते फिरवतात. दोहोंतला फरक म्हणजे आघाडी:

(१४.२ − १३) ÷ १३ × १०० = ९.२ टक्के

मोठे टायर बसवल्याने तीन टक्क्यांची आघाडी नऊच्या वर गेली होती. डांबरावर किलोमीटरला ९२ मीटर खरवड, आणि पुढच्या शाफ्टवर गोल फिरणाऱ्या शक्तीचा भार. क्रॉस तुटला यात नवल नाही. बिचारा इतके दिवस टिकला कसा, हेच नवल. चूक ना टायरची होती ना ट्रॅक्टरची. दोघांचे माप एकमेकांशी जुळत नव्हते.

प्रयोग आपल्या गावी करायचा असेल तर काही गोष्टी सांभाळाव्यात. चारही टायरांत पुस्तकात दिलेली हवा असावी. दहाच्या ऐवजी वीस फेऱ्या मोजल्या तर चूक निम्मी होते. टायरचा व्यास टेपने मोजून त्याला पायने गुणू नये. वजनाने टायर दबतो आणि प्रत्यक्ष चाललेले अंतर त्याहून कमी भरते. हे सायकलवरही पाहता येते. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, दहा फेऱ्या सायकल हाताने ढकलत न्या आणि अंतर मोजा. मग हवा थोडी कमी करून, कोणीतरी वर बसून तेवढ्याच फेऱ्या करा. अंतर नक्की घटेल.

पुढच्या वर्षी त्यांनी मूळ मापाचे टायर बसवले. मोठे टायर अर्ध्या किमतीत विकावे लागले, त्याचे त्यांना अजून वाईट वाटते. मुलांनी पुन्हा मोजले. दांडा काढून १३.८, जोडून १४.२, आघाडी २.९ टक्के. डांबर लागले की दांडा काढायचा, हे आता मुलगाच बापाला बजावतो.

एक गोष्ट राहिली आहे. चिखलणीच्या वेळी मागच्या चाकांना लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडतात. ती चिखलात रुतली की मागच्या चाकाचे एका फेरीतले अंतर बदलते, आणि आघाडीही. किती बदलते हे मुलांना बांधीतच मोजायचे होते, पण गुडघाभर चिखलात खडूची रेघ पहिल्याच फेरीत धुऊन गेली. या रोवणीत ती टायरच्या दात्याला लाल चिंधी बांधून मोजणार आहेत.